कासुर्डीच्या माळासाठी गवताचं बी

उन्हाळा लागला की आमच्या चिपळूणला पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. शिरूर-दौंडकडे मात्र कुणी मुद्दाम फिरायला गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. यंदा दिवाळी होऊन गेल्यावर मी चार दिवस त्या दोन तालुक्यांत हिंडून आले आणि आल्यापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे. घरचे आता ‘गवत’ हा शब्द ऐकला की उठून आत जातात. तेव्हा लिहूनच काढलेलं बरं.

मी पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत काम करते. उजाड झालेली माळरानं पुन्हा गवताळ करायची, म्हणजे तिथले चंडोल, खोकड, लांडगे, चिंकारा यांना राहायला जागा मिळेल, हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण माळाला मालक असतो, बहुतेक वेळा एकाहून जास्त, आणि त्या मालकांचं एकमेकांशी पटत असेलच असं नाही. त्यामुळे माझी निम्मी नोकरी गवतात जाते आणि उरलेली लोकांच्या ओसरीवर चहा पिण्यात.

कासुर्डी

सोलापूर रस्त्याने यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. रस्त्यावर ट्रक, ढाबे, टायरची दुकानं. पण गावामागच्या वाटेला लागलं की पाच मिनिटांत सगळा गोंगाट खाली राहतो आणि समोर नुसता माळ. मी कोकणातली. आमच्याकडे हिरवं म्हणजे झाड, आणि झाड नसलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन. हा माळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही ‘इथे काहीच नाही’ असंच वाटलं होतं. आता गाडीतून उतरले की माझी नजर आधी जमिनीवर जाते. यावेळी पहिल्याच वळणावर चिंकाऱ्याची मादी उभी दिसली. शेपटी हलवत ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग टेकाडाआड गेली. दिवसाची सुरुवात अशी झाली की मला कुणाचंही मन वळवता येईल असं वाटू लागतं.

मन वळवायचं होतं आप्पांच्या घरातलं. आप्पा सत्तरीला टेकलेले, धोतर-टोपीतले, सावकाश बोलणारे. माळाचा मोठा तुकडा त्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या नावावर. भाऊ काही वर्षांपूर्वी वारला आणि त्याच्या जागी त्याच्या बायकोचं, सुनंदाकाकींचं नाव लागलं. माळ राखायला आप्पा तयार होते. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत गुरं सोडायची नाहीत, नांगर घालायचा नाही, चर खणायचे नाहीत. आम्ही देऊ ते गवताचं बी पेरायचं आणि पुढे दरवर्षी चारा कापून न्यायचा. पण एकट्या आप्पांच्या ‘हो’ला अर्थ नव्हता. काकींना ती जमीन प्लॉटिंगवाल्याला द्यायची होती आणि तसा शब्दही त्यांनी देऊन टाकला होता.

त्यात अडचण अशी की आप्पा आणि काकी एकमेकांशी बोलत नसत. भावाच्या दिवसकार्यानंतर वाटणीवरून काहीतरी झालं आणि बोलणं बंद पडलं ते पडलंच. घरं एकाच आवारात, मध्ये एक चिंचेचं झाड. मी आप्पांच्या ओसरीवर चहा घेतला, मग झाड ओलांडून काकींच्या ओसरीवर चहा घेतला. आमच्याकडे पाहुण्याने एकदा नको म्हटलं की विषय संपतो. इथे ‘नको’ हा शब्द कुणाच्या कानात शिरतच नाही.

काकी पन्नाशीच्या, ताठ बसणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ताई, तुमचं समदं खरं,” त्या म्हणाल्या. “पर तुम्ही चार दिस येनार आन् जानार. माझं पोरगं चाकणला कंपनीत. मालक गेलं. माझ्या घराच्या मागल्या दारातनं बघितलं तर पार डोंगरापतुर एक दिवा न्हाई. प्लॉट पडलं तर मान्सं येतील, दिवाबत्ती हुईल. गवताशी काय बोलायचं का म्या?”

मी चारा, पाणी, जमिनीचा कस या सगळ्याची तयारी करून गेले होते. एकटेपणाची तयारी केलेली नव्हती.

पण एक हुकमाचं पान होतं. बी आणायला मी दुसऱ्या दिवशी शिरूर तालुक्यात कवठे येमाईला जाणार होते. तिथल्या एका कुटुंबाने आपलं कुरण पिढ्यान्‌पिढ्या राखलं आहे. आप्पा येणार होतेच. मी काकींना म्हटलं, “तुम्हीही चला. नुसतं बघा. नाही पटलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.”

“कोन्त्या रस्त्यानं जानार?” काकींनी विचारलं.

“पारगावचा पूल ओलांडून.”

“मग मांडवगणला माझं म्हायार हाय. वाकडी वाट करून जाता का?”

केली वाट वाकडी.

मांडवगण फराटा

सकाळी आप्पा पुढच्या सीटवर बसले, काकी मागे, आणि मला गाडी चालवता चालवता टपालवाल्याचं काम लागलं.

“ताई, आप्पास्नी सांगा, काच वर घ्या, धूळ येतीया.”

“ताई, त्यांना सांगा, वर केली तर उकडतंय.”

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर! मी निरोप पोचवत राहिले.

केडगाव मागे टाकलं की हवेलाच गुळाचा वास येतो. रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळं एकामागून एक. आम्ही एका ठिकाणी थांबलो. भल्यामोठ्या कढईत पिवळाधमक रस रटरटत होता आणि उत्तर प्रदेशातून आलेला एक कामगार लांब दांड्याने तो ढवळत होता. मी उत्साहाने पुढे झुकले. “दीदी, पीछे! छींटा उडेगा!” तो ओरडला, आणि तेवढ्यात उडालाच. ओढणीवर काकवीचा जो डाग पडला तो पुढचे सगळे दिवस माझ्याबरोबर हिंडला. त्याच माणसाने मग पळसाच्या पानावर कोमट गूळ दिला. मी नारळीपाकात वाढलेली बाई, पण त्या गुळापुढे माझी बोलती बंद झाली. आप्पा आणि काकी दोघंही आपापलं पान घेऊन एकमेकांकडे पाठ करून खात होते.

भीमा ओलांडली की मुलूखच बदलतो. जिकडे बघावं तिकडे ऊस. रस्ता म्हणजे उसाच्या दोन भिंतींमधली गल्ली. मांडवगणला काकींच्या भावाचं, बापूंचं घर मळ्यातच आहे. आम्ही पोचलो तेव्हा भावजय दारातच होती आणि तिने काकींना मिठी मारली ती सोडेचना. काकी तिथे वेगळ्याच दिसत होत्या. मोठ्याने हसत होत्या, पदर खोचून चुलीपाशी बसत होत्या. गावरान कोंबडीचा रस्सा आणि नव्या बाजरीची भाकरी. रश्शाने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तर भावजय म्हणाली, “कोकनातल्या हायती, त्यांना नारळ घालून द्यायला पायजे व्हता,” आणि सगळं घर हसलं.

जेवण झाल्यावर काकी मला नदीकडे घेऊन निघाल्या. बापू लगेच काठी घेऊन बरोबर आले, आणि मागोमाग आप्पाही.

“काठी कशाला?” मी विचारलं.

“बिबट्या. ऊस हाय तिथं त्यो हायच,” बापू म्हणाले. “मागच्या हंगामात ऊसतोडीत पिल्लं घावली व्हती. आता एकट्यानं पानी धरायला कुनी जात न्हाई. बोलत बोलत जायाचं, म्हंजी त्यो बाजूला व्हतो.”

म्हणून आम्ही मुद्दाम मोठ्याने बोलत गेलो. नदीच्या काठाशी काकी थांबल्या. ऊस अगदी पाण्याला टेकला होता.

“हितं गवताचा काठ व्हता,” त्या म्हणाल्या. “आमी पोरी पोरी भारा आनायला यायचो. कवा कवा दिसभर. आई भाकरी हितंच घिऊन यायची.” मग भावाकडे वळून, “बापू, समदाच काठ कसा रं मोडला?”

“समद्यांनी मोडला, म्हून आमीबी मोडला,” बापू म्हणाले. “आता पानी चढलं की माती धरायला काय न्हाई. दरसाल बांध वाहून जातुया.”

परत फिरताना काकी म्हणाल्या, “मळ्यातली पोरगी उचलून माळावर दिली मला. पयल्या वर्साला म्या रोज रडायची.” हे त्या माझ्याशी बोलत होत्या, पण आवाज पुढे चाललेल्या आप्पांपर्यंत गेला होता. आप्पांची पावलं थोडी मंदावली.

कवठे येमाई

शिरूर मागे टाकून मलठणवरून कवठ्याच्या बाजूला लागलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दगडूमामा आणि इंदूमामी हे कुरणाचे धनी. मामा नव्या माणसासमोर लाजणारे, मामी त्यांच्या वाटचं बोलून घेणाऱ्या. गाडी थांबायच्या आतच त्या म्हणाल्या, “आधी कुरन बघा, मग च्या. उजेड हाय तवर.”

आणि आम्ही ते बघितलं.

कसं सांगू? छातीएवढं गवत. जवळ जावं तर तांबूस, लांबून बघावं तर सोनेरी, आणि वारा आला की अख्खी टेकडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखी वाटते. पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं, मध्ये मध्ये कुसळी. मी पळतच आत शिरले. शहाण्या माणसाने कुसळीत सलवार घालून शिरू नये. चार पावलांत माझ्या पायांना शेकडो बाणांसारखी कुसळं रुतली आणि मी एका पायावर नाचू लागले. आप्पा हसले. मग काकी हसल्या. दोघं एकाच गोष्टीला हसत आहेत हे लक्षात आल्यावर दोघांनीही तोंडं फिरवली.

कुरणाच्या एका बाजूला कापणी चालू होती. गावातल्या बायका रांगेने विळे चालवत होत्या, गाणं नाही, पण गप्पांना खंड नाही. मामींनी सांगितलं, “दरसाल ह्याच बाया. निम्मा चारा त्यांचा, निम्मा आमचा. दुष्काळात गावाच्या म्हशी ह्याच गवतावर जगल्या. आन् कापनीचं दिस म्हंजी आमची जत्राच असती. भाकऱ्या एका जागी सोडायच्या.” काकींनी त्यांच्यात जाऊन बसायला वेळ लावला नाही. कुणाची सून कुठली, कुणाचं माहेर कुठलं, हे सुरू झालं आणि त्यात एक बाई मांडवगणची निघाली.

मी आणि आप्पा टेकडीच्या माथ्यावर गेलो. पश्चिमेला एक धुराची रेघ दिसत होती. मला काहीच वाटलं नाही. आमच्या कोकणात भाजावळीला शेतं मुद्दाम भाजतात, धूर म्हणजे आमच्यासाठी कामाची खूण. मी मामींना सहज हाक मारून म्हटलं, “तिकडे कुणी काही भाजतंय का?”

मामी वर आल्या, बघितलं आणि ओरडल्याच.

“बांध पेटवलाय कुनीतरी. वारं हिकडंच हाय!”

नंतरचं सगळं फार भराभर झालं. शेजारच्या शिवारात कुणीतरी बांधावरचं वाळलेलं तण पेटवून दिलं होतं, वारा फिरला आणि जाळ कुरणात शिरला. वाळलेल्या गवताला लागलेली आग मी त्याआधी फक्त फोटोत पाहिली होती. तिचा आवाज फोटोत येत नाही. कापड फाटावं तसा तडतडता आवाज, आणि तो जवळ येतो. आमच्या अंगावरून ससे पळाले. एक तितर अक्षरशः माझ्या पायावर आपटून उडाला.

मामा निंबाचे डहाळे तोडून हातोहात देत होते. बायकांनी पाण्याच्या हंड्यात पोती बुडवली. कडेच्या आगीवर आम्ही डहाळ्या हाणत होतो. एका जागी विझवावं तर हातभर अंतरावर पुन्हा उठायची. डोळ्यांत धूर, घशात राख. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं राखलेलं कुरण माझ्या डोळ्यांदेखत जाणार.

तेवढ्यात काकींचा आवाज आला.

“मारत काय बसलाय? फुडं जाऊन कापा! त्याला खायालाच देऊ नगा!”

त्या जाळाच्या बऱ्याच पुढे, टेकडीच्या आडव्या अंगाला उभ्या होत्या. कुणाचा तरी विळा त्यांच्या हातात होता आणि त्या गवताचा पट्टा कापत सुटल्या होत्या. मामींना लगेच कळलं. सगळ्या बायका तिकडे धावल्या, रांग धरली आणि कापायला लागल्या. मी आणि आणखी दोघीतिघी कापलेलं गवत ओढून उरलेल्या कुरणाच्या बाजूला फेकत होतो. मघाशी ज्यांनी मला नाचवलं होतं ती कुसळं आता मला जाणवतही नव्हती.

जाळ पट्ट्याजवळ आला तेव्हा काकी अजून टोकाला कापतच होत्या. आप्पा डहाळी टाकून त्यांच्याकडे पळाले. सत्तरीचा माणूस, एवढ्या जोरात पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“सुनंदा! मागं सर! मागं सर म्हनतो!”

काकींनी मान वर करून बघितलं. “तुमीच मागं सरा, आप्पा! धोतर पेटंल तुमचं!”

“पेटू दे! तू हिकडं ये आदी!”

त्यांनी काकींचा दंड धरून ओढलं आणि दोघं पट्ट्याच्या अलीकडे येऊन आदळले. त्याच वेळी खालच्या वाटेने एक ट्रॅक्टर धडधडत वर आला. डाळिंबाच्या बागेवर औषध मारायचा मोठा पंप त्याला जोडलेला होता आणि टाकीत नुसतं पाणी भरलं होतं. शेजारच्या बागवाल्याला मामींनी फोन केला होता. पाण्याचा फवारा त्या पट्ट्यावर पडायला लागला. जाळ पट्ट्यापर्यंत आला, उंच झाला, एका जागी पलीकडे झेपही घेतली, पण तिथे ओली पोती घेऊन चौघी उभ्या होत्या. मग तो हळूहळू बसला. नुसता धूर उरला.

निम्मं कुरण काळं झालं होतं. निम्मं उभं होतं.

मामी खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. काकी त्यांच्याशेजारी टेकल्या. आप्पांनी तांब्या भरून आणला. आधी मामींना दिला, मग काकींना. काकींनी तो घेतला.

सूर्य अगदी खाली गेला तेव्हा ते आले. मी त्यांची वाट बघत होते, पण एवढ्या धुरानंतर येतील अशी आशा सोडली होती. भोवत्या. घारीच्या जातीचे, पण सडपातळ, लांब पंखांचे, गवतावरून तरंगत जाणारे पक्षी. एक आला, मग तीन-चार, मग दिशा-दिशांनी येतच राहिले. हिवाळाभर ते माळावर शिकार करतात आणि संध्याकाळी उंच गवतात एकत्र जमिनीवर झोपायला उतरतात. काळ्या झालेल्या भागावर ते घिरट्या घालू लागले. खाली यायचे, पुन्हा वर जायचे. त्यांची जागा हरवली होती.

“कुठनं आलीत ही?” काकींनी विचारलं.

“हिमालयाच्या पलीकडून. तिकडेही असेच गवताचे माळ आहेत. थंडी पडली की इकडे येतात.”

काकी वर बघत राहिल्या. राखेने त्यांचा चेहरा माखला होता.

“म्हंजी ह्यांनाबी लांब माळावरच दिली म्हना की,” त्या म्हणाल्या, आणि मामी त्या सगळ्या दुःखात खुदकन हसल्या.

पहिला पक्षी उरलेल्या गवतात उतरला. पंख वर करून, पाय खाली सोडून, अलगद. मग दुसरा. मग एकामागून एक सगळे. आम्ही पट्ट्याच्या कडेला उभे, म्हातारेकोतारे, विळेवाल्या बाया, ट्रॅक्टरवाला, सगळे तोंड उघडं टाकून बघत होतो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “हितंच शेजारी ऱ्हातो, पर हे कवा बघितलं न्हवतं.” माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो कुसळांचा नव्हता.

त्या संध्याकाळी मामींच्या घरी मासवडी होती. नाव ऐकून मी मासे येतील म्हणून खूश झाले होते. येतो तो बेसनाचा रोल, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. मासा कुठेही नाही! पण मी एवढी खाल्ली की मामींनी पुन्हा थापायला घेतली. जेवताना काकींनी आप्पांकडे वळून सरळ विचारलं, “आपल्या माळाला खालच्या अंगानं जाळ येतो ना, आप्पा? ढाब्याकडनं?”

“येतो. दोनदा आलाय,” आप्पा म्हणाले.

माझी निरोप्याची नोकरी गेली होती. एवढ्या आनंदाने मी आजवर कुठलीही नोकरी गमावलेली नाही.

सकाळी मी बियाचा विषय काढणार नव्हते. निम्मं कुरण जळालेल्या घरात काय तोंडाने मागायचं? मी पिशवी भरायला लागले तर मामी पोती घेऊन आल्या. आपल्या बायकांना बरोबर घेऊन त्या उजाडताच उरलेल्या गवतातल्या पवन्या-मारवेलाच्या लोंब्या ओरबाडून आल्या होत्या.

“मामी, अहो तुम्हालाच लागेल हे.”

“लागंलच की. म्हून तर देतीया,” त्या म्हणाल्या. “काल समदंच गेलं आसतं तर बी मागायला कुठं गेलो आसतो आमी? आता तुमच्याकडं ऱ्हाईल. पुन्हा हितं जळलं तर हक्कानं येईन मी कासुर्डीला.”

काकींनी पोतं स्वतः उचलून गाडीत ठेवलं.

पुन्हा कासुर्डी

परतीच्या वाटेवर काकींनी मागच्या सीटवरून फोन लावला. प्लॉटिंगवाल्याशी बोलणं लांबलं नाही. “न्हाई जमायचं आता. आमच्या घरात इचार बदलला,” एवढंच. त्यांनी ‘आमच्या घरात’ म्हटलं तेव्हा आप्पांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं.

काकींच्या अटी होत्या, आणि त्या त्यांनी मला बजावून सांगितल्या. कापणीला गावातल्या बायकाच असतील. भाकरी काकींच्या ओसरीवर सोडायच्या. मागल्या दाराशी सोलरचा एक दिवा आमच्या संस्थेने लावून द्यायचा. मी सगळ्याला हो म्हटलं. बी आता उन्हाळाभर काकींच्या घरातल्या माळ्यावर कोरडं ठेवायचं आणि पावसाच्या तोंडाशी पेरायचं असं ठरलं.

पण जाळपट्ट्याला काकींना पाऊस येईपर्यंत दम नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या, आप्पा, मी आणि शेजारपाजारच्या काही बायका माळावर होतो. कडेकडेने गवत कापून, उपटून मोकळी पट्टी काढायची, म्हणजे खालून आलेला जाळ तिथेच थांबेल. आप्पा खुणा करत पुढे, काकी विळा घेऊन मागे. दोघं भांडतही होते. “सरळ घ्या की वो, आप्पा, साप गेल्यावानी काय घेताय?” “तू कधीपासनं इंजनेर झालीस?” हे असं.

वरच्या अंगाला आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक माणूस मोटारसायकल लावून, हाताची घडी घालून आमच्याकडे बघत होता. आप्पा हळूच म्हणाले, “भानुदास. वरली पट्टी त्याची.” या माणसाकडे मी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा तो दारातच नको म्हणाला होता. आता म्हणणार, माझ्या हद्दीत काय करताय.

भानुदास जवळ आला. आमचा पट्टा त्याच्या बांधाशी येऊन वळला होता, तिकडे त्याने बोट दाखवलं.

“ही हितनं का वळवलीत?”

“पुढं तुमची जमीन,” मी म्हटलं. “तुम्ही नको म्हणाला होतात ना.”

“आन् जाळ काय सातबारा वाचून येतो व्हय?” तो म्हणाला. “मांडवगणला माझी भन दिलीया. काल तिचा फोन व्हता, कवठ्याला काय झालं ते समदं सांगितलं तिनं. माझी पट्टी मधीच सोडून तुमी तुमचं वाचवनार व्हय? घ्या सरळ फुडं.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी काकींकडे. काकींनी भानुदासला आपादमस्तक न्याहाळलं, हातातला विळा त्याच्या हातात दिला आणि दुसरा आणायला तरातरा घराकडे निघाल्या.